अमानत आणि कुलूप

आमच्या शाळेत एक लोखंडी कपाट आहे. त्यालाच ग्रंथालय म्हणतात. त्याची चावी कित्येक वर्षे आमच्या खिशात आहे. मुलांनी पुस्तक मागितले की आम्ही म्हणत असू, "उद्या देतो." तो उद्या क्वचितच उजाडला. कारण साधे होते. पुस्तक हरवले तर नोंदवहीपुढे जाब कोण देणार? पुस्तके ही अमानत आहे, असे आम्ही मनाला समजावत आलो. मीलादच्या जलशात 'इक्रा'वर तासभर बोलायचे आणि सोमवारी कपाटाला कुलूप घालायचे, यात आम्हाला कधी विसंगती वाटली नाही.

मध्यंतरी मोहल्ल्यातले एक निवृत्त शिक्षक अल्लाहला प्यारे झाले. चाळिसावा उरकल्यावर चाचींनी दोन पेट्या भरून उर्दू-मराठी पुस्तके शाळेत पाठवली. निरोप असा होता, "बेटा, रद्दीत घालायला हात धजत नाही. मुलांना वाचू द्या, मरहूमला सवाब पोचेल." पेट्या उचलायला आठवीतला एक मुलगा होता. त्याने सहज विचारले, "सर, तुम्ही तर फोनवर वाचता. तुमच्यामागे तुमची पुस्तके कुणाला मिळणार?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. पुस्तक सांभाळणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र त्या दिवसापासून मागे लागला.

उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने चौथ्या शतकात 'हरिविजय' नावाचे प्राकृत काव्य लिहिले. पुढच्या काळातल्या साहित्यशास्त्रकारांनी त्याची वाखाणणी केली. आज ते काव्य उपलब्ध नाही. उरले आहेत ते इतरांनी आपल्या ग्रंथांत उद्धृत केलेले काही श्लोक. राजाचा ग्रंथ, राजाचा खजिना, पण टिकले ते फक्त जे दुसऱ्यांच्या हाती गेले.

याच जिल्ह्यातल्या कारंजाची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत शतकानुशतके हस्तलिखिते जपली गेली. जैन परंपरेत शास्त्रदान हे मोठे पुण्य. श्रावक पदरचे पैसे देऊन ग्रंथाची नक्कल करून घेत आणि ती मुनींना किंवा मंदिराला अर्पण करीत. अशा कित्येक पोथ्यांच्या अखेरीस दात्याचे नाव आणि दानाचा हेतू लिहिलेला आढळतो. चाचींचा निरोप आणि त्या पोथ्यांवरचा मजकूर यांत आम्हाला फारसे अंतर दिसत नाही. परंतु बाहेरच्या अभ्यासकांना या भांडारांची नीट ओळख झाली ती विसाव्या शतकात. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीत कारंजाच्या पोथ्यांची नोंद आली. मग डॉ. हिरालाल जैन यांनी पुष्पदंताचे 'णायकुमारचरिउ' १९३३ साली आणि कनकामराचे 'करकंडचरिउ' १९३४ साली संपादून छापले. प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्यामधला अपभ्रंशाचा दुवा त्यामुळे अभ्यासकांच्या हाती आला. भांडाराने पोथी वाचवली हे खरे, पण ती दार उघडल्यावरच बोलू लागली.

आपल्याकडे पुस्तकांच्या दानाला वक्फ म्हणतात. जमीन-इमारतीचा वक्फ सर्वसाधारणपणे मान्य होता. उचलून नेता येईल अशा वस्तूचा वक्फ होतो काय, यावर हनफी फकीहांत मतभेद होते. जिथे तसा रिवाज आहे तिथे तो चालेल, हा इमाम मुहंमद यांचा कौल पुस्तकांच्या कामी आला. याकूत अल-हमवी हा भूगोलकार तेराव्या शतकाच्या आरंभी मर्व शहरात राहिला. तिथे वक्फाची दहा ग्रंथालये असल्याचे तो नोंदवतो. एकाच वेळी दोनशेच्या आसपास ग्रंथ त्याच्या घरी असत, तेही बहुतेक तारण न ठेवता! पुढे मंगोल आले आणि १२२१ साली मर्व उद्ध्वस्त झाले. पण त्या ग्रंथांतून घेतलेली माहिती याकूतच्या भूगोलकोशात आजही वाचायला मिळते. आता विचारावेसे वाटते, मर्वचे ते ग्रंथपाल निष्काळजी होते की आम्ही?

आपल्या राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला आणि गावोगावच्या वाचनालयांना शासनाच्या अनुदानाचा आधार झाला. दान वाटून घेण्याची जबाबदारी समाजाबरोबर शासनानेही स्वीकारली. आता त्याच्या पुढचा टप्पा इलेक्ट्रॉनिक पुस्तकाचा.

या पुस्तकाला नाक मुरडण्याचा आम्हाला अधिकार नाही. २०१३ साली सुरू झालेल्या 'रेख्ता'मुळे जी उर्दू पुस्तके वाशीमच्या वाचकाने जन्मात पाहिली नसती, ती आज तो घरबसल्या, फुकट वाचतो. मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर कुणालाही खुला आहे. या पुस्तकाला वाळवी लागत नाही, आणि एकाला दिले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाही. वक्फासाठी याहून चांगली वस्तू कोणती?

परंतु विकत घेतलेल्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकाची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा आपण पुस्तक घेत नाही, वाचण्याची परवानगी घेतो. २००९ च्या जुलैत अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीच्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, असे कारण होते. पैसे परत मिळाले, माफीही मागितली गेली. पण एका शाळकरी मुलाने त्या पुस्तकावर केलेली टिपणे निरुपयोगी झाली आणि तो कोर्टात गेला. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनाने अमेरिकेतल्या ग्रंथालयांना अट घातली की इलेक्ट्रॉनिक पुस्तक २६ वेळा वाचकाला दिले की परवाना संपेल, पुन्हा पैसे भरा. कागद झिजतो म्हणून अक्षरही झिजवायचे!

इथे त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. वक्फ करणारा त्या वस्तूचा मालक असावा लागतो. परवानगीचा वक्फ होत नाही आणि ती वारसालाही सहसा जात नाही. आमच्या फोनमधली विकतची पुस्तके आमच्याबरोबरच संपणार. म्हणजे कागद की पडदा, हा वाद दुय्यम आहे. पुस्तक पुढे देता येते की नाही, हा खरा सवाल. कंपनीचे कुलूप आणि आमच्या कपाटाचे कुलूप, दोन्हींचे काम एकच. फरक इतकाच की आमच्या कुलपाची चावी आमच्याजवळ आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, उद्याच्या ग्रंथालयाने इलेक्ट्रॉनिक पुस्तके जरूर घ्यावीत, पण कायमची घ्यावीत, वाचकाला देण्याच्या हक्कासह घ्यावीत. ज्यांचा स्वामित्वहक्क संपला आहे अशी उर्दू-मराठी पुस्तके आपल्या संस्थांनी स्वतः स्कॅन करून खुली करावीत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साधारण ६० वर्षांनी हा हक्क संपतो. एका पुस्तकाचे स्कॅनिंग हेही आजचे शास्त्रदानच, सदका-ए-जारियाच.

चाचींच्या पेट्या आम्ही कपाटात ठेवल्या नाहीत. व्हरांड्यात टेबल मांडले, वही ठेवली आणि नोंदी करायचे काम त्या आठवीतल्या मुलाकडे दिले. पहिल्या सहामाहीत तीन पुस्तके परत आली नाहीत. चाचींना हे सांगताना आमची मान खाली होती. त्यांनी एवढेच विचारले, "कुणाच्या घरी तर असतील ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही कपाटाची चावी त्या मुलाच्या हाती दिली.