न आलेले पेढे

आमच्या इंदूरच्या साउथ तुकोगंजात नवसाचे पेढे घरी आले, की सासूबाई आधी हात जोडतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. ही आता काहीतरी बोलणार, असं त्यांना वाटतं. पेढा मीही खाते. फक्त विचारते, नवस न फळलेल्यांचे पेढे कुठायत?

स्कॅटर प्लॉटमध्ये आडव्या अक्षावर एक गोष्ट, उभ्यावर दुसरी, आणि माणसागणिक एक ठिपका. ठिपके रेषेला बिलगून बसले तर संबंध घट्ट, कागदभर उधळले तर सैल. रेषा किती चढती, यावर घट्टपणा ठरत नाही, हे सांगून माझा घसा बसायचा. पण आधी सगळे ठिपके कागदावर हवेत. पेढे वाटणारेच मांडले, तर नवसाचं चित्र सुरेख दिसणारच.

न्यायशास्त्राच्या पंडितांना, नैयायिकांनाही नुसता अन्वय, म्हणजे दोन गोष्टी एकत्र दिसणं, पुरत नसे. धूर तिथे अग्नी. मग अग्नी नाही तिथे धूर नाही ना, हेही बघायचं. (हिवाळ्यात सिरपूर तलावावर दिसतं ते धुकं.) उलटं, अग्नी तिथे धूर म्हणाल तर ते तापलेला लोखंडाचा गोळा पुढे करत: धुराला ओलं सरपण लागतं. त्याला ते ‘उपाधी’ म्हणत. दोन अक्षांमागे दडलेली तिसरी गोष्ट आम्ही वर्गात शोधायचो, ती हीच.

जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 साली महाराष्ट्रात पत्रिकांची चाचणी घेतली. 100 हुशार मुलांच्या, 100 बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. पत्रिका कोणत्या गटातली, एवढंच ओळखायचं. 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 पाहिल्या. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं तरी निम्मी येतात. इथे चुकलेली उत्तरंही मोजली गेली.

यावर सासूबाई म्हणतात, “पूर्वसंचित असतं गं.”

इथे मी अडते. संचित मानलं की कर्माचा आडवा अक्षच दिसेनासा होतो. भल्याचे हाल झाले तर मागच्या जन्माचं, लबाडाची भरभराट झाली तरी मागच्याच जन्माचं. ठिपका कुठेही पडो, नियमात बसतोच. असा नियम खोडता येत नाही. पण म्हणून कर्म आणि फळाचा संबंध घट्ट, असंही म्हणता येत नाही. घट्ट म्हणायला तो सैल निघण्याची सोय हवी.

दुसऱ्याच्या दुःखापुढे संचित पुरावा म्हणून काढणं मला क्रूर वाटतं. सासूबाई ते स्वतःच्या गुडघ्यांपुरतंच काढतात; त्यावर माझी हरकत नाही.