मारायचं कुणाला?

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नात आली की आमचं परसदार जागं होतं. यंदा आली आणि दुसऱ्याच दिवशी वालाच्या वेलापाशी उकिडवी बसली. तिथनंच हाक मारली, "आबा, इकडं या. हे बघा काय आहे."

चार दिवस ढगाळ हवा होती, त्यामुळं कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा लगडला होता. त्या माव्यात एक अळी फिरत होती. करडी-काळी, सहा पायांची, पाठीवर नारिंगी ठिपके, अगदी मगरीच्या पिलासारखी. नात म्हणाली, "हिला मारायचं का?"

प्रश्न साधा होता. पण मला एकदम उत्तर देता आलं नाही. कारण हाच प्रश्न मला एकदा पडायला हवा होता, तो पडला नव्हता.

गोष्ट 1988 सालची. मी तेव्हा पंचविशीत होतो. दहावीपर्यंत शिकलेला, म्हणून घरात शहाणा. तुरीवर फवारायला औषध आणलं होतं, त्यातलं थोडं पंपात उरलं. आई कार्तिकीला पंढरपूरला गेलेली. तिच्या वालाच्या वेलावर असाच मावा पडला होता. ती सकाळी दव असताना त्यावर चुलीतली राख टाकायची, फार झालं तर शेंडे खुडून कोंबड्यांपुढं टाकायची. मला तो वेळकाढूपणा वाटायचा. म्हटलं, आई यायच्या आत वेल साफ करून ठेवू. उरलेलं सगळं वेलावर मारलं. संध्याकाळपर्यंत मावा मेला. मोठी मर्दुमकी केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वेलाखाली तीन कोंबड्या मरून पडल्या होत्या. त्यातली एक पिलांची. वेलाखाली पडलेले किडे त्यांनी टिपले होते. मी त्या गुपचूप पुरल्या, आणि आई आल्यावर सांगितलं, मुंगसानं नेल्या.

आई काही बोलली नाही. परसात गेली, वालाचं एक पान तोडून नाकाशी धरलं, आणि म्हणाली, "तुला मारायचं हुतं कुणाला, आन् मेलं कोण?"

मग तिनं वेलाच्या होत्या तेवढ्या शेंगा तोडल्या, खड्डा करून पुरल्या. त्या हंगामात आमच्या घरात वाल शिजला नाही. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, "औंदा किडला." माझं खोटं तिनं झाकलं, पण ते माझ्याजवळ तसंच राहिलं.

आपण ह्या विषाला औषध म्हणतो. डब्यावर लाल त्रिकोण असतो, कवटीचं चित्र असतं, तरी दुकानात जाऊन आपण औषधच मागतो. पिकावर मारलं तरी औषध, आणि कुणी जिवाला कंटाळून प्यालं तरी गाव म्हणतं, औषध प्याला. एकदा औषध म्हटलं की हात थांबत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना किती शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले, तेव्हा तो शब्द मला फार टोचला.

तर, त्या वर्षी तीन आठवड्यांत वेलावर मावा परत आला. आधीपेक्षा दुप्पट. मला वाटलं, औषध कमी पडलं. खरं कारण कळायला कितीतरी वर्षं जावी लागली. गावात शेतीशाळा झाली, तिथं एका कृषी सहायकानं भिंग हातात दिलं आणि म्हणाला, आधी बघा, मग बोला.

बघितलं तेव्हा कळलं. माव्याची मादी नराशिवायच पिलं घालते, तीही जिवंत. आठ-दहा दिवसांत ती पिलं पुन्हा पिलं घालायला लागतात. मावा खाणारा जो ढालकिडा, त्याला अंड्यापासून भुंगा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. दोघांनाही मारलं तर आधी कोण उठणार? मावाच. आणि उठल्यावर त्याला खाणारं कुणी शिल्लक नसणार. राखणदार मी मारला होता आणि शिवार चोरांना मोकळं करून दिलं होतं.

आणि ती मगरीसारखी अळी म्हणजे ह्याच ढालकिड्याचं पिलू.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आईलाही ती अळी माहीत नव्हती. शेंड्यांबरोबर तीही ती कोंबड्यांना घालायची. मुंग्यांना मात्र वारीच्या पुण्याईनं साखर टाकायची. आणि मुंग्या काय करतात? माव्याच्या अंगातून जो गोड चिकटा निघतो तो चाटायला वेलावर चढतात, आणि त्यापायी ढालकिड्याला हुसकून लावतात. म्हणजे आई राखणदाराला मारत होती आणि चोराच्या सोबत्याला साखर घालत होती. जुनं सगळं बरोबर होतं असं म्हणण्यात अर्थ नाही. पण तिची चूक चिमटीएवढी होती, माझी पंपाएवढी. आणि ती कोथिंबीर, शेपू फुलावर येऊ द्यायची, बी धरायला. त्या बारक्या फुलांवर मित्रकीटक मध खायला यायचे. नकळत तिनं पापही केलं आणि पुण्यही.

मग नकळत केलेल्याचा दोष लागतो का? आपल्याकडं म्हणतात, अजाणता घडलं ते माफ. मी ह्यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, माफी पहिल्या वेळेला आहे. ज्याच्या हातात जेवढी मारायची ताकद, त्याच्यावर तेवढं बघायचं ओझं. चिमटीत धरणाऱ्यानं थोडं बघितलं तरी चालेल. पाठीवर पंप घेणाऱ्यानं न बघता मारलं, तर ते अजाणतेपण नव्हे, आळस आहे. आळसाला माफी कशी असेल?

मी फवारत नाही असं नाही. हरभऱ्यावर घाटेअळी आली की पोटावर येते. पण आता आधी ओळीतनं चालतो, मोजतो. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्यांच्या आत असतील तर हात आवरतो. हरभऱ्यात थोडी ज्वारी टाकलेली असते, तिच्यावर चिमण्या-साळुंक्या बसतात, अळ्या टिपतात. त्याच्या वर गेलं तर आधी निंबोळी अर्क, आणि अगदीच नाइलाज झाला तर विष. त्याला विषच म्हणतो. तोंडानं विष म्हटलं की हात जपून चालतो.

नातीला मी अळी मारू दिली नाही. माव्याच्या शेंड्यासकट ती काचेच्या बरणीत ठेवली, तोंडाला फडकं बांधलं. रोज नवा शेंडा. पोरगी तासन्तास बघायची. मग अळी काचेला चिकटून गप्प बसली. पाचव्या दिवशी फिकट पिवळा भुंगा बाहेर आला, अंगावर एकही खूण नाही. दुपारपर्यंत त्यावर काळ्या नागमोडी रेघा उमटल्या. नात हरखून गेली.

मग तिनं विचारलं, "आबा, पण मावा पण जिवंतच असतो ना? त्याला मारलेलं चालतं?"

म्हटलं, "ढालकिडा भूक लागली की खातो, पोट भरलं की थांबतो. मला कुठं थांबायचं ते ठरवावं लागतं."

तिला ते किती पटलं कोण जाणे. तिनं भुंगा वेलावर सोडला. आमची मंडळी शेंडे खुडायला आली होती, तिला म्हणालो, कडेचा एक वेल माव्यासकट राहू दे. सगळाच मावा काढला तर हा बिचारा उपाशी निघून जाईल.

त्या रात्री नातीला तीन कोंबड्यांची गोष्ट सांगितली. मुंगसाचं खोटंही सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.