सांध्यावरचा संशय

मधुमेहाच्या अंमलाखाली दहा वर्षे काढल्यावर डोळ्याच्या पडद्याची तपासणी चुकवणे शक्य नव्हते. म्हणून गेल्या पावसाळ्यात बेंगळूरूतील एका नेत्रचिकित्सालयात, बाहुल्या विस्फारणारे थेंब घालून घेऊन, मी यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसलो. यंत्रावरची मुलगी सौम्य स्वरात "मेले नोडी", मग "केळगे नोडी" म्हणे, आणि वर-खाली पाहताच प्रकाशाचा झोत डोळ्यावर येई. एका छायाचित्रात पडद्याचा सुमारे ४५ अंशांचा तुकडा मावतो. असे सात तुकडे जोडून संगणकाने एक विस्तीर्ण तांबूस पट समोर मांडला.

रक्तवाहिन्यांना जेथे फाटे फुटतात ती स्थळे हुडकायची, शेजारच्या चित्रातील तशाच स्थळांशी त्यांचा मेळ घालायचा, फसव्या जोड्या गाळायच्या, आणि पडदा वाटीसारखा खोलगट असल्यामुळे चित्र किंचित वाकवून बसवायचे, अशी ही रीत आहे; तिचा सारा आधार दोन चित्रांतील सामाईक भागावर. (१८०० साली भूमापक विल्यम लॅम्बटनने याच बेंगळूरूजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजली, तेव्हा मोजणीतला पुढचा प्रत्येक त्रिकोणही असाच मागच्याच्या एका बाजूवर उभा राहणार होता.) पटाच्या एवढ्या विस्ताराची गरज खरीच आहे. अकाली जन्मलेल्या अर्भकांचा नेत्रविकार पडद्याच्या कडेकडेनेच सुरू होतो, आणि त्यासाठी येथील नारायण नेत्रालयाने २००८ पासून कर्नाटकाच्या जिल्ह्याजिल्ह्यांत कॅमेरे नेले.

मला मात्र त्या पटासमोर ज्ञात्याविषयीचा भारतीय दर्शनांतला एक जुना वाद आठवला. जो आंबा डोळ्यांनी पाहिला तोच आता हाताने चाचपतो आहे, असे म्हणणारा त्या दोन्ही ज्ञानांहून निराळा आणि एकच असला पाहिजे, हे नैयायिकांचे म्हणणे. त्यावर बौद्धांचे उत्तर असे की, क्षणोक्षणी उपजणाऱ्या ज्ञानांचा प्रवाह आणि पूर्वक्षणाने उत्तरक्षणावर सोडलेला संस्कार एवढ्यावर सर्व व्यवहार भागतो, ज्ञात्याच्या नावाचे वेगळे दप्तर ठेवण्याचे कारण नाही. "मी" नसलेल्या यंत्राने सात चित्रांचे ऐक्य साधलेले पाहून क्षणभर वाटले की, निवाडा बौद्धांच्या बाजूने झाला. शिवाय आपला डोळा तरी काय करतो? त्याला नीट दिसते ते मधल्या दोनएक अंशांत. दृष्टी सेकंदाला तीनचार उड्या मारते. मज्जातंतू जेथून बाहेर पडतो तेथे पडदा पूर्ण आंधळा. तरीही जग आपल्याला अखंड दिसते.

पटाच्या खालच्या अंगाला, दोन चित्रांच्या सांध्यावर, एक बारीक वाहिनी दुहेरी दिसत होती, दोऱ्याचे पदर सुटावेत तशी. डॉक्टरबाई तेथे थबकल्या. ही रोगाने फुटलेली नवी वाहिनी, की जुळवणीतली चूक? विजोडपणाचे मोजमाप यंत्रही करते, पण तो आकडा त्याला बोचत नाही. नैयायिकांनी आपल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, संशयाला जागा का दिली, हे मला तेव्हा उमगले: दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी, एकाच वेळी धरून ठेवल्याखेरीज संशय उपजतच नाही, आणि तसे धरून ठेवणारे ठिकाण प्रवाहातल्या कोणत्याही सुट्या क्षणात मला सापडत नाही. माझे मन म्हणून नैयायिकांकडेच झुकते.

बाईंनी जोडलेला पट बाजूला सारून मूळची सुटी चित्रे उघडली. दोन्हींत वाहिनी एकेरीच होती. तरी त्यांचे समाधान होईना. त्यांनी मुलीला हाक मारली, मी पुन्हा हनुवटी टेकवली, आणि अंधारलेल्या खोलीत तोच सौम्य स्वर आला, "केळगे नोडी."