मन कसे परत आणावे?

श्रीक्षेत्र काशीतील दशाश्वमेध घाटाला हे नाव कसे पडले, ती कथा सर्वश्रुत आहे. ब्रह्मदेवाने येथे दहा अश्वमेध केले, अशी परंपरागत श्रद्धा आहे. अश्वमेधात घोडा मोकळा सोडतात. तो वर्षभर वाटेल तिकडे फिरतो. परंतु यज्ञभूमीस परत आल्यावाचून यज्ञ पुरा होत नाही. आपले मनही असेच सुटलेले आहे. ते फिरते, यात नवल नाही. ते परत कसे आणावे, हाच साधकापुढील खरा प्रश्न होय. या प्रश्नाचे उत्तर मला ज्या प्रसंगातून मिळाले, तो वरकरणी अगदी क्षुल्लक आहे. तरी तो वाचकांपुढे ठेवतो.

ध्वनिफितीच्या कॅसेटी घरोघर होत्या, तेव्हाची ही गोष्ट. १९६३ साली युरोपात निघालेली ही वस्तू १९८० नंतर आपल्याकडे स्वस्त झाली आणि कीर्तने, प्रवचने, गीतापाठ तिच्यावाटे खेडोपाडी पोहोचले. साठ मिनिटांच्या कॅसेटीत जेमतेम चार मिलिमीटर रुंदीची, सुमारे ९० मीटर लांब फीत असे. टेपरेकॉर्डरचे रबरी चाक मळले, किंवा पावसाळ्यात हवा दमट झाली, की फीत त्याभोवती गुंतून बसे. मग ती अलगद सोडवावी, कॅसेटीच्या दातेरी चक्रात षट्कोनी पेन्सिल घालावी, आणि फेऱ्यामागून फेरा देत फीत पुन्हा आत घ्यावी. ज्यांनी हे केले आहे, त्यांना आज त्याची आठवण गोड वाटते. मलाही वाटते; पण माझ्या आठवणीत एक बोच आहे.

१९९७ सालचा कार्तिक महिना होता. घाटांवर वेळूच्या काठ्यांना आकाशदीप लागले होते. आमचे गुरुजी दशाश्वमेधावर एका छत्रीखालच्या चौकीवर बसून सहाव्या अध्यायावर प्रवचन करीत होते, आणि ते ध्वनिमुद्रित करण्याचे काम माझ्याकडे होते. दुसऱ्या दिवशी ते ऐकावयास बसलो, तो फीत यंत्रात अडकली. मी घाबरून ती ओढली आणि ती तुटली. गुरुजी म्हणाले, “बाळ, ओढू नकोस. इकडे आण.” त्यांनी पोथीतली पेन्सिल घेतली. पीळ पडलेली फीत बोटांनी सरळ केली; चुरगळून निकामी झालेला चार बोटांचा तुकडा कात्रीने कापून टाकला; दोन्ही टोके जुळवून फितीच्या पाठीला चिकटपट्टी लावली, कारण आवाज ज्या बाजूस असतो ती बाजू झाकून चालत नाही. मग फेरा फेरा करून त्यांनी सारी फीत आत घेतली. घाई नाही, चिडणे नाही.

मी म्हणालो, “गुरुजी, तेवढे शब्द गेले.” चार बोटे फीत म्हणजे जेमतेम दीड सेकंदाचे बोलणे. गुरुजींनी विचारले, “ते शब्द मी बोललो, तेव्हा तू कोठे होतास?”

मी समोरच होतो. परंतु यंत्रावरचे आकडे फिरतात की नाही, एवढेच पाहत होतो. यंत्र ऐकत आहे, या भरवशावर मी ऐकलेच नव्हते.

वाचकहो, हा दोष केवळ माझा नव्हे. आज सायंकाळी त्याच घाटावर आरतीच्या वेळी शेकडो हात वर होतात. ते जोडलेले नसतात, त्यांत फोन असतात. सर्व काही साठवले जाते आणि फारच थोडे अंतरात उतरते. याच काशीत वैदिकांनी पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी वेद कंठात राखला. तेथे ऐकणारा स्वतःच ती फीत असतो. त्याला दुसऱ्यावर भरवसा टाकण्याची सोयच नाही.

आता कोणी म्हणेल, गेलेल्या वस्तूंची अशी आठवण काढणे हा मोहच नव्हे काय? शंका रास्त आहे. विषयांचे चिंतन करता करता आसक्ती जडते आणि अखेरीस बुद्धीचा नाश होतो, असे भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात बजावले आहे. परंतु अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन म्हणतो की, माझा मोह गेला आणि मला स्मृती लाभली. आणि लगेच तो कर्तव्यास उभा राहतो. दोन्हींची ओळख यावरून पटते. जी आठवण उसासा टाकावयास लावून बसवून ठेवते, ती आसक्ती. जी हाताला कामास लावते, ती स्मृती.

गुरुजी आता नाहीत; ती कॅसेट माझ्यापाशी आहे. त्यात ते म्हणतात, “मन जेथे जाईल तेथून त्याला...” आणि वाक्य एकदम पुढच्या शब्दांवर जाते: “...आत्म्याच्या ठायी बसवावे.” मधले शब्द कापले गेले. कसे परत आणावे, तेवढेच गेले! कित्येक वर्षे मला याची हळहळ वाटे. एकदा ध्यानात आले की ते शब्द गेलेले नाहीत. गुरुजींच्या हातांनी मला ते दुसऱ्याच दिवशी दाखविले होते. सहाव्या अध्यायात भगवंतांनी मन आवरण्याची रीत सांगताना ‘हळूहळू’ असे दोनदा म्हटले आहे. फीत ओढली तर तुटते, फेरा फेरा घेतली तर येते; हा अभ्यास. जो तुकडा निकामी झाला तो कापून पुढे जोडावे, त्यासाठी रडत बसू नये, हे वैराग्य. मनोनिग्रहाचे हेच दोन उपाय त्याच अध्यायात सांगितले आहेत.

म्हणून गृहस्थाने एवढे करावे. नामस्मरणास बसल्यावर मन संसाराच्या चाकात गुंतले, तर त्रागा करू नये. जेथे तुटले तेथे जोडावे आणि पुन्हा पहिला फेरा द्यावा. दिवसातून शंभरदा तुटले, तर शंभरदा जोडावे. आणि घरातील वडील माणूस काही सांगत असेल, तेव्हा यंत्र बाजूस ठेवून आपण स्वतः ऐकावे. तो स्वर पुन्हा मिळत नाही.

आपले सुटलेले मन हळूहळू परत आणण्याचे धैर्य तो योगेश्वर श्रीकृष्ण आपणा सर्वांस देवो.