सुईचे दुःख आणि सोसण्याचा उपदेश

देह म्हटला की भोग आलाच, असे आपण वारकरी मंडळी सहज म्हणून जातो. ते खोटे नाही. पण हे बोल आपण स्वतःशी बोलतो की दुसऱ्याच्या उशाशी बसून त्याला ऐकवतो, यात फार अंतर आहे. आज ज्या निमित्ताने आम्ही हे लिहीत आहो ते निमित्त अगदी लहान आहे. दवाखान्यात सुई टोचण्याआधी कातडीवर मारावयाचा एक गार फवारा असतो. तो मारावा की मारू नये, असा प्रश्न नागभीडकडच्या भाविक मंडळींत निघाला. कोणी म्हणाले, क्षणभराची तर सुई, तिला कसला आला फवारा? हे सारे देहाचे लाड आहेत. लेकरांना आतापासून सोसायची सवय नको काय?

आधी वस्तू काय आहे ती पाहू. मैदानात खेळाडूच्या पायाला मुका मार लागला की बाटलीतून गार पिचकारी मारतात, त्याच जातीचा हा प्रकार. जुना आहे, शंभर वर्षांहून जुना. त्यातले एक औषध इथाइल क्लोराइड. ते सुमारे १२ अंशांवरच उकळते, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेनेच त्याची वाफ होते. वाफ होताना ते कातडीतली उष्णता ओढून घेते. माठाच्या अंगातून पाणी पाझरून उडते आणि आतले पाणी गार होते, वाळ्याच्या ताट्यावर पाणी मारले की खोली निवते, तोच हा न्याय. काही सेकंद फवारले की कातडी पांढुरकी पडते आणि थोडा वेळ, फार तर मिनिटभर, बधिर राहते. तेवढ्यात सुई टोचून घ्यायची. जास्त वेळ मारले तर कातडी गारठून भाजल्यासारखी होते. जखमेवर मारायचे नाही. आणि इथाइल क्लोराइड पेट घेणारे आहे, तेव्हा दिव्याजवळ किंवा विडी ओढणाऱ्याजवळ मुळीच नको. फवाऱ्याने दुखणे सगळेच जाते असेही नाही. मोठ्या माणसांना बऱ्यापैकी गुण येतो. लहान मुलांच्या बाबतीत पुरावा तितकासा पक्का नाही, आणि काही मुले त्या गारव्यानेच दचकतात.

आता मुख्य गोष्ट. सोसणे हे आपल्या पंथात मोठे मानले आहे. पंढरीची वाट चालताना तळपायाला फोड येतात, पोटऱ्या भरून येतात, आणि चालणारा त्याबद्दल चकार शब्द काढीत नाही. पण मुक्कामाला पोचल्यावर काय होते ते आठवून पाहा बरे. तोच माणूस शेजारच्या म्हातारबुवांचे पाय मांडीवर घेऊन चेपीत बसतो, तेल लावतो, फोडाला पट्टी बांधतो. ‘बुवा, सोसा, देहाचा भोग आहे,’ असे त्यांना ऐकवीत नाही. दिंडीत हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण सारे जण तो पाळतात: आपले दुखणे सोसायचे, दुसऱ्याचे चेपायचे. नाथमहाराजांच्या चरित्रात गाढवाची कथा सांगतात. रामेश्वराला नेण्यासाठी कावडीत आणलेले गंगोदक त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. उन्हातून ती कावड वाहण्याचे कष्ट नाथांनी आनंदाने सोसले, पण गाढवाला सोसायला सांगितले नाही. तापल्या वाळूत रडणारे पोर त्यांनी उचलून कडेवर घेतले, तेव्हाही ‘हिला थोडी तापल्या वाळूची सवय होऊ दे’ असे म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही!

आमच्या मते सोसणे हे व्रत आहे, आणि व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते. एकादशी आपण करतो, पण तान्ह्या लेकराचे दूध त्या दिवशी बंद करीत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. दुःख देवाने उगीच दिलेले नाही, ते शरीराचे राखण आहे, असे जाणते लोक म्हणतात. याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. वरोऱ्याजवळ १९४९ साली बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले, ते कुष्ठरोग्यांसाठी. या रोगात नसा मरतात; पायाखाली निखारा आला तरी कळत नाही, काटा रुतून सडला तरी कळत नाही. बोटे झडतात ती पुष्कळदा या न कळण्यामुळे. कातडीला ऊन आणि गार यांतला भेद कळतो की नाही, ही या रोगाच्या तपासणीची एक रीतच आहे. तेव्हा वेदना हा मोठा पहारेकरी आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण पहारेकऱ्याने ओरडायचे ते चोर आल्यावर. इथे तर दार आपणच उघडले आहे, वैद्याला आपणच बोलावले आहे. त्या वेळच्या ओरडण्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही.

आणि सोसून सवय होते, हा समज तर लेकरांच्या बाबतीत उलटाच ठरलेला दिसतो. कॅनडातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. जन्मल्यावर बधिर न करता ज्या मुलांची सुंता झाली होती, ती चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा अधिक रडली. म्हणजे देह वेदना विसरला नव्हता, त्याने ती मनात धरून ठेवली होती. याआधी तर फार दिवस असे मानीत की अर्भकाला दुःख फारसे कळतच नाही; पुरेशी भूल न देता त्यांच्यावर शस्त्रक्रियाही होत. कन्वलजित आनंद नावाच्या, भारतातून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉक्टरांनी १९८७च्या सुमारास हा समज खोडून काढला. ज्याला बोलता येत नाही त्याला दुखत नाही, असे मानणे सोयीचे असते, एवढेच.

या भीतीपायी प्राणही जातात. कुत्रे चावल्यावर पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, ती धास्ती आपल्या गावांत अजून सांगितली जाते. त्या जुन्या लशीचा वापर भारतात २००४ सालीच थांबला. आता थोड्या मात्रा लागतात आणि त्या दंडात देतात. पण चौदा सुयांच्या भयाने दवाखाना टाळून मांत्रिकाकडे जाणारा माणूस अजून भेटतो. पिसाळल्याचा रोग एकदा दिसू लागला की त्यावर उपाय नाही. तिथे सुईचे दुःख ही लहान गोष्ट राहत नाही.

नागभीडच्या बाजूला हा प्रश्न विशेष आहे तो सिकलसेलमुळे. विदर्भात, विशेषतः चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत, हा रक्ताचा दोष पुष्कळ घरांत आहे. आई आणि बाप दोघांकडूनही दोष आला की रक्तातल्या तांबड्या पेशी धान कापायच्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडापोटात असह्य कळा येतात. २०२३च्या १ जुलैला केंद्र सरकारने याचे निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असा संकल्प आहे. तपासणी म्हणजे बोटाला टोचणे. ज्याला रोग निघाला त्याला पुढे जन्मभर रक्त देणे, रक्त घेणे, सलाईन. अशा लेकराला ‘एवढे सोसत नाही काय?’ असे विचारणाऱ्याने त्याने आजवर काय सोसले ते आधी विचारावे.

आणि पाहा, नेमके याच लेकरांना हा गार फवारा उपयोगाचा नाही. थंडी लागली की त्यांच्या कळा उठू शकतात. म्हणून बर्फ किंवा गारवा त्यांच्या अंगाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. ज्याच्या हातापायांची जाणीव गेली आहे त्याच्या बाबतीतही तेच. त्यांच्यासाठी बधिर करणारे मलम असते, तेही डॉक्टरांच्याच सल्ल्याने. फवारा मारला की दया झाली, असे नाही. समोर कोण आहे हे पाहावे लागते. एकाचा थंडावा तो दुसऱ्याचा काटा.

बाटली नसली म्हणून काही अडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लस टोचताना दुःख कमी व्हावे म्हणून जे सांगितले, त्यात पैशाचे काही नाही: तान्ह्याला टोचायच्या वेळी किंवा किंचित आधी अंगावर पाजावे, लेकराला आडवे दाबून न धरता मायने उभे, मांडीवर जवळ घ्यावे, दोन लशी असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्यावी. सर्वांत मोठी दया मात्र नको ती सुई न देण्याची. आपल्याकडे ‘सुई दिली नाही तर डॉक्टर कसला?’ असे म्हणणारेच फार, आणि गोळीने भागणाऱ्या तापाला सुई मागणारे आपणच. लेकरांचे लाड म्हणून फवाऱ्याला हसणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

आणखी एक खोड आपल्या घराघरांत आहे. पोर रडू लागले, जेवेना झाले, की आपण म्हणतो, ‘थांब, डॉक्टरला सांगून सुई देववतो.’ आठ दिवसांनी ताप आला की त्याच पोराला म्हणतो, ‘अरे, काही नाही, दुखणारच नाही.’ एकदा भय घातले, एकदा खोटे बोललो. आता त्याने विश्वास कशावर ठेवायचा? नर्सबाईंनी फवारा हातात घेतला असेल तर त्याला सरळ सांगावे, ‘बाबू, आधी गार लागेल, मग थोडं टोचेल, मी इथंच हाय.’ फवारा नसेल तर ‘आधी गार लागेल’ हे तीन शब्द गाळावेत. बाकीचे तसेच राहू द्यावेत.