डबीबाहेरचा हिरवा

सकाळी फिरायला निघालं की धामणगावची वस्ती लवकर संपते आणि वावरं लागतात. भाद्रपदाचे दिवस आहेत. पऱ्हाटीची पानं दवानं जड झाली आहेत, मधल्या ओळींत तूर उभी आहे, धुऱ्यावरचा निंब पावसानं धुऊन निघालाय आणि पलीकडचं सोयाबीन पिवळं पडायच्या बेतात आहे. एका शब्दात सांगायचं तर सगळं हिरवंगार. पण या रस्त्यावर मला सात-आठ हिरवे वेगवेगळे दिसतात. ते दिसावेत म्हणून शाळेत असताना एक अख्खा पावसाळा बोटं रंगात बुडवावी लागली होती.

आठवीत होतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी चालली होती. संकल्पचित्रात मी वेल काढली, हिरव्या पोस्टर कलरच्या डबीत ब्रश बुडवला आणि सगळी पानं एका दमात रंगवली. सरांनी कागद उजेडात धरला. म्हणाले, "हा त डबीतला हिरवा हाये, बापू. पऱ्हाटीचा कुठी हाये?"

दुसऱ्या दिवशी हिरव्या डब्या कपाटात गेल्या. टेबलावर उरले चार रंग: लेमन यलो, प्रशियन ब्लू, क्रिमसन आणि पांढरा. प्रत्येकानं घरून तीन पानं आणायची, निंबाचं, तुरीचं आणि पऱ्हाटीचं. पानाचा रंग तयार करून कागदावर ठिपका द्यायचा, तो वाळू द्यायचा आणि त्यावर पान ठेवायचं. पान ठिपक्यात हरवलं पाहिजे. हरवलं नाही तर पुन्हा.

निंबाचं कोवळं पान लवकर जमलं. तेवढ्यात एक गोष्ट हाताला कळली. पिवळ्यात निळा घालायचा, निळ्यात पिवळा नाही. प्रशियन ब्लू इतका जोरकस असतो की ब्रशच्या टोकाएवढा पुरतो. उलट केलं तर पिवळ्याची अख्खी डबी संपते. पऱ्हाटी मात्र काही केल्या जमेना. माझा हिरवा फार चमकत होता, पान शांत होतं. सरांनी माझ्या हिरव्यात क्रिमसनचा एक कण टाकला. हिरव्यात लाल! आता सगळा चिखल होणार, असं वाटलं. पण रंग हलकेच निवला आणि पान ठिपक्यात मुरून गेलं.

बारा भागांचं रंगचक्र मी कंपासनं आखलं होतं, लाल हिरव्याच्या समोर येतो हेही पाठ होतं. समोरासमोरचे रंग एकमेकांत मिसळले की एकमेकांचा तोरा उतरवतात, याचा अर्थ मात्र त्या एका कणानं कळला. उरलेलं चित्रानं शिकवलं. तोच निवलेला हिरवा लाल फुलाशेजारी भरला, तर तो पुन्हा उजळला. रंग तोच, शेजार बदललेला.

पुढे कधीतरी फ्रान्समधल्या शेव्हरेलबद्दल वाचलं, तेव्हा तो वर्ग आठवला. हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात 1824 पासून रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानं धागे तपासले; काळ्यात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे डोळ्याला तो फिका भासत होता. यावरचा त्याचा ग्रंथ 1839 मध्ये आला आणि चित्रकारांनी तो उचलून धरला. त्या शास्त्राची सुरुवात धाग्याशेजारी धागा ठेवण्यातून झाली होती.

आपल्या रंगाऱ्यांनाही हिरवा फुकट मिळाला नाही. रानभर हिरवाई असली तरी पानं उकळून कापडावर टिकणारा हिरवा सहज निघत नाही. म्हणून कापडाला आधी निळीत बुडवायचं, मग हळदीत. जो रंग सृष्टीत सगळ्यांत जास्त, तोच माणसाला दोन रंगांची मोट बांधून करावा लागला. आणि करताना तो नीट पाहावा लागला.

मला वाटतं, हाताचं काम एवढ्यासाठीच मोलाचं आहे. आयता रंग घेतला की डोळा 'हिरवा' म्हणतो आणि पुढे जातो. स्वतः कालवायला बसलं की तोच डोळा थांबून विचारतो, यात पिवळा किती? निळा किती? आणि लाल कुठे लपलाय? परीक्षेतली श्रेणी कागदावर राहिली. हे विचारणं आयुष्यभर सोबत आलं.

घरात एखादं मूल रंग घेऊन बसत असेल, तर आज त्याची हिरवी डबी थोडा वेळ बाजूला ठेवा आणि दारातलं एक पान त्याच्या हातात द्या. दोन-चार कागद वाया जातील, जाऊ द्या.

परत फिरताना सोयाबीनपाशी थांबलो. कालच्यापेक्षा आज थोडं जास्त पिवळं दिसलं. त्या वावरातून निळा रोज कणाकणानं उतरतो आहे.