आत्येचें ऋण

मनुष्य मेल्यावर त्याचे गुण आठवतात, ही गोष्ट सर्वांच्या अनुभवाची आहे. परंतु गुण आठवणें निराळें आणि ऋण आठवणें निराळें, हा भेद फारसा कोणी करीत नाहीं. गुणांचें वर्णन करण्यास कांहीं खर्च पडत नाहीं. ऋण मात्र एकदां मान्य केलें कीं तें फेडण्याचा प्रश्न उभा राहतो. या भेदाचा विचार करण्यासाठीं आम्ही आज एका परदेशी आत्येचें चरित्र वाचकांपुढें मांडीत आहों. तिचें नांव आम्ही देत नाहीं, कारण ती एक नव्हती. ग्रीस देश सोडून अमेरिकेस गेलेल्या कितीएक कुटुंबांत अशी एखादी स्त्री असे, आणि तिच्या आयुष्याची रूपरेषा बहुतेक सारखीच आढळते.

पौलाच्या पत्रांमुळें करिंथ हें नांव आपल्या मंडळ्यांस परिचयाचें आहे. त्या करिंथाच्या बाजूस व तेथून पश्चिमेकडील किनाऱ्यानें बारीक काळ्या द्राक्षांचे मळे फार. तीं द्राक्षें वाळवून त्यांचे मनुके परदेशीं पाठवीत; इंग्रजी भाषेंत या मनुक्यांस जें नांव आहे तें करिंथावरूनच पडलें. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्स देशांतील द्राक्षवेलींस कीड लागली, तेव्हां फ्रान्सनें ग्रीक मनुके विपुल घेतले, व शेतकऱ्यांनीं त्या आशेवर मळे वाढविले. पुढें फ्रान्सचे मळे सांवरले, मागणी खुंटली, आणि १८९३ च्या सुमारास भाव कोसळले. त्याच वर्षीं ग्रीक सरकारचेंही दिवाळें निघालें. कर्जानें गांजलेल्या खेड्यांतील तरुण जहाजांत बसून अमेरिकेस निघाले. १८९० पासून १९२४ पर्यंत सुमारें चार लाख ग्रीक लोक त्या देशीं गेले. त्यांत बहुतेक पुरुष होते.

या पुरुषांच्या शिरावर जें ओझें होतें तें आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. तें बहिणींच्या हुंड्याचें. बहिणी उजविल्यावांचून भावानें लग्न करूं नये, असा ग्रीक खेड्यांतील दंडक होता. (तेथें हुंड्याची चाल कायद्यानें रद्द झाली ती १९८३ सालीं.) तेव्हां भावानें परदेशीं राबावें आणि बहिणीचा संसार उभा करून द्यावा, अशी रीत. परंतु कांहीं घरांत हें चक्र उलट फिरलें. भावाचें लग्न झालें, बायको लहान लेंकरें मागें ठेवून वारली, आणि गांवाकडे हुंड्याची वाट पाहत बसलेल्या बहिणीस बोलावणें गेलें. ती आली, आणि तिच्या लग्नाची गोष्ट पुढें कोणी काढली नाहीं.

न्यूयॉर्क बंदरांतील एलिस बेटावर १८९२ पासून १९५४ पर्यंत परदेशाहून आलेल्या लोकांची तपासणी होत असे. खुपऱ्या आहेत कीं काय हें पाहण्यासाठीं वैद्य पापण्या उलट्या करीत. रोग आढळला तर आल्या वाटेनें परत जावें लागे. एकट्या स्त्रीस तर तिला नेणारा नातलग येईपर्यंत तेथून हलूं देत नसत. हें सर्व सोसून आपली आत्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील लोवेल या गिरण्यांच्या शहरीं पोहोंचली, असें समजूं. तेथें कापडाच्या गिरण्यांत हजारों ग्रीक माणसें कामास होतीं. दिवसां गिरणीचा भोंगा आणि रात्रीं भावाचीं मुलें, यांत तिचीं वर्षें गेलीं. नव्या देशाची भाषा तिला आली नाहीं. बाजारांत मुलेंच तिचे दुभाषी झालीं. १९२४ च्या कायद्यानें ग्रीस देशास वर्षाकाठीं केवळ १०० माणसांची मुभा ठेविली, तेव्हां गांवाकडून एखादी बहीण सोबतीस येईल ही आशाही जवळजवळ सरली. मुलें शिकलीं, नोकरीस लागलीं, दुसऱ्या शहरीं गेलीं. ती म्हातारी झाली व वारली.

तिच्या मंडळीच्या रीतीप्रमाणें चाळिसाव्या दिवशीं स्मरणाची उपासना झाली. या वेळीं उकडलेल्या गव्हांत साखर, मनुके व डाळिंबाचे दाणे घालून ते सर्वांस वांटतात. जमिनींत पडून मरणाऱ्या व पुष्कळ पीक देणाऱ्या दाण्याविषयीं प्रभूनें जें सांगितलें त्याची ती खूण आहे. मृतांसाठीं प्रार्थना करण्याची त्यांची चाल आमची नव्हे, आणि तिच्याविषयीं वाद येथें नको. आमचा प्रश्न त्या ताटाभोंवतीं होणाऱ्या बोलण्याविषयीं आहे. अशा वेळीं भाचेमंडळी म्हणतात, “आत्येनें स्वतःसाठीं कधीं कांहींच मागितलें नाहीं.” हें स्तुतीचें वाक्य आहे हें खरें, पण त्याला लागूनच दुसरें वाक्य येतें, तें कोणी उच्चारीत नाहीं. तिला काय हवें आहे, हें आपण कधीं विचारलें होतें काय?

ग्रीक भाषेंत आत्येस व मावशीसही ‘थिया’ असेंच म्हणतात, आणि ‘दैवी’ या अर्थाचें स्त्रीलिंगी विशेषणही तसेंच आहे. शब्दांचा हा योग गोड असला तरी त्यांत एक धोका आहे. झिजणाऱ्या स्त्रीस देवी म्हणून उंच बसविणें सर्व देशांत सोपें असतें. देवीस थकवा येत नाहीं, तिला हौस नसते, तिचे गुडघे दुखत नाहींत. म्हणून तिचें देणेंही लागत नाहीं. जिवंत माणसाचें मात्र लागतें.

यावर कोणी म्हणेल, “तिनें आनंदानें केलें, प्रीतीचा हिशेब कसला मांडतां?” या म्हणण्यांत तथ्य आहे. ती दीन होती असें आम्ही म्हणत नाहीं; देणारा स्वखुशीनें देतो तेव्हां त्याचें देणें थोरच असतें. परंतु तिचें देणें हा एक प्रश्न आणि आपलें घेणें हा दुसरा प्रश्न. मार्काच्या बाराव्या अध्यायांत हे दोन्ही प्रश्न शेजारीं शेजारीं आहेत. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची प्रभूनें वाखाणणी केली. पण विधवांचीं घरें गिळून टाकणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध त्यानें त्याच्या लगेच आधीं केला. जी सर्वस्व देते तिची स्तुति करावी, आणि जे तें सर्वस्व सहज घेतात त्यांनीं आपलें मन तपासावें. पहिलें करून दुसरें टाळतां येत नाहीं.

पवित्र शास्त्रांत एका आत्येची कथा आहे. अथल्येनें राजवंशाचा संहार चालविला तेव्हां यहोशेबेनें आपल्या भावाचें तान्हें मूल, योवाश, चोरून नेलें आणि मंदिरांत सहा वर्षें लपवून वांचविलें. तो सातव्या वर्षीं राजा झाला. तिचा नवरा यहोयादा याजक जिवंत होता तोंवर योवाश नीट वागला. पुढें यहोयादाचा पुत्र जखऱ्या यानें त्याचा दोष दाखविला, तेव्हां याच राजाच्या हुकुमानें त्याला मंदिराच्या अंगणांत दगडमार झाला. ज्या मंदिरानें भाच्यास आसरा दिला, त्याच मंदिरांत भाच्यानें तें घर बुडविलें. राजानें यहोयादाचे उपकार स्मरले नाहींत, असें दुसऱ्या इतिहासांत स्पष्ट नमूद आहे. तो उपकार विसरला म्हणजे त्याची बुद्धि मंद झाली असें नव्हे. आपला जीव कोणाच्या जोखमीवर वांचला, हें त्यानें मनांतून काढून टाकलें. शास्त्राच्या भाषेंत विस्मरण हें पाप आहे, तें या अर्थानें.

उलट पौलाकडे पाहा. रोमच्या मंडळीस त्यानें पत्र लिहिलें तें करिंथांतून, असें मानितात. त्याच्या शेवटीं नमस्कार कळवितांना तो रूफाच्या आईस आपलीही आई म्हणतो. तिनें काय केलें, कोठें केलें, हें आपणांस कळत नाहीं. तिचें नांवही नाहीं. पण ज्याचा तिच्यावर रक्ताचा हक्क नव्हता, त्यानें ती जिवंत असतां, सर्व मंडळीच्या देखत, आपलें ऋण कबूल केलें.

ग्रीक लोकांत नातवंडांस आजी-आजोबांचीं नांवें ठेवितात. जिला मूलबाळ नाहीं तिचें नांव अशा रीतीनें पुढें चालण्याची आशा थोडी. दोन पिढ्यांनीं तिच्या कबरेवरील अक्षरेंही कोणी वाचणार नाहीं. म्हणूनच त्या उपासनेच्या शेवटीं तिचें स्मरण सर्वकाळ राहावें अशी विनंती गातात, ती माणसांस उद्देशून नसून देवास उद्देशून असते. ही गोष्ट आम्हांस खरी व सांत्वनाची वाटते. देव विसरत नाहीं. मात्र देव आठवण ठेवितो म्हणून आपण मोकळे झालों, असें समजूं नये. जो आठवण ठेवितो तोच हिशेबही विचारतो.

“माय मरो, पण मावशी उरो,” असें आपण म्हणतों. मावशीनें उरावें तें कशासाठीं, हें त्या म्हणींतच आलें. ती उरली तर तिचें कोणी पाहावें, हें मात्र म्हण सांगत नाहीं. वाचकहो, आपल्या घरांत अशी आत्या किंवा मावशी असेल, तर तिच्या गुणांचें भाषण राखून ठेवूं नका. येत्या रविवारीं उपासनेहून घरीं आल्यावर तिला आधीं ताट वाढा, तिच्याजवळ बसा, आणि तिला काय हवें होतें व अजून काय हवें आहे, हें विचारा. उत्तर ऐकून घेण्यास वेळ लागेल. तो द्यावा.